खंडेनवमीला माझ्या ग्राफिक्स कार्डाची पूजा करणारे आण्णा

माझ्या ग्राफिक्स कार्डाला हार घालून ते बंद पाडणारा माणूस जगात एकच होता.

आमचे आण्णा. माझे सासरे. आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

रडकी पोस्ट लिहायची नाही असं ठरवलंय. त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की मला आधी हसूच येतं.

आण्णांनी उभं आयुष्य फाउंड्रीत काढलं, वितळलेल्या लोखंडासमोर. रिटायर झाल्यावर गडमुडशिंगीच्या घरी दोन म्हशी पाळल्या आणि घरातल्या प्रत्येक गरम वस्तूकडे संशयानं बघायला लागले. मिक्सर, इस्त्री, माझा मोबाईल.

लग्न होऊन मी त्या घरात आले ती माझा गेमिंग पीसी घेऊनच. पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करते, त्यामुळे सासरी सांगितलं, ऑफिसचा कॉम्प्युटर आहे.

अर्धं खरं होतं.

संध्याकाळी सात ते नऊ मी पाच जणांच्या टीममध्ये गेम खेळायचे. बंदुकांची. कॉलेजपासून. नवऱ्याला ठाऊक होतं. पण सून हेडफोन लावून गोळ्या झाडते हे सासू-सासऱ्यांना कुठल्या तोंडानं सांगणार? कळलं की बंद होणार, एवढीच भीती.

म्हणून पीसीचं कॅबिनेट खोलीतल्या लाकडी कपाटात ठेवलं आणि दार लावून टाकलं. त्यातले रंगीत लाइट बघून कुणीही ओळखलं असतं की हे ऑफिसचं नव्हे.

मग पगार वाढला आणि मी कार्ड अपग्रेड केलं. तीन फॅनचं, विटेपेक्षा मोठं. चित्र एकदम झकास.

पण बंद कपाटात ते नव्वद डिग्रीला जायचं, गेम अडखळायची आणि फॅन बोंबलायचे.

एक दिवस आण्णा दारात उभे.

"पोरी, कपाटात गिरणी घातलीयास काय?"

"ऑफिसचं काम जड आहे, आण्णा."

त्यांनी हाताची उलटी बाजू कपाटाला लावून बघितली. फाउंड्रीत तसंच बघतात म्हणे.

"तापल्यालं कोंडून ठेवायचं नसतंय. वारं लागाय पायजे त्याला."

दुपारपर्यंत कपाटाचं दार काढून झालं, मागच्या फळीला दोन मोठी भोकं पडली, आणि कॅबिनेटची काच खोलून ब्रशनं धूळसुद्धा झाडून झाली. कार्ड ऐंशीवर आलं. लाल-निळे लाइट त्यांनी नीट बघितले. विचारलं काहीच नाही.

त्यानंतर आली खंडेनवमी. त्याच संध्याकाळी आमच्या स्पर्धेची सेमीफायनल होती.

सकाळी आण्णांनी कोयता, पाने, हातोडी, मोटरसायकल, सगळ्यांची पूजा केली. माझ्या कॅबिनेटवरही हार होता. मी हसून तो काढून ठेवला.

आत, कार्डाला, आणखी एक घातलाय हे मला काय माहीत.

या कार्डाचे फॅन काम नसताना फिरत नाहीत. त्यामुळे दिवसभर सगळं शांत. मॅच सुरू झाली, कार्ड तापलं, फॅन फिरले आणि हार आत ओढला गेला.

खर्रर्र आवाज. सत्त्याण्णव डिग्री. स्क्रीन काळी.

टीमनं दहा मिनिटांचा ब्रेक मागून घेतला. मी गोठ्याकडे धावले.

"आण्णा, कार्डावर काय ठेवलंय?"

"हार."

"फॅनवर?"

"मधोमधच घालायचा की. देवाला काय कडंला घालतीस व्हय?"

"दहा मिनिटांत चालू नाही झालं तर आम्ही हरू, आण्णा."

तोंडातून गेलं ते गेलं.

त्यांनी हातातली वैरण खाली ठेवली. आत आले, प्लग काढला, आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, शिवणाच्या डब्यातली सुई घेतली आणि फॅनला गुंडाळलेला दोरा सोडवायला बसले. झेंडूच्या पाकळ्या एक-एक बाहेर. एका फॅनची पाती मोडलेली.

"ह्यो गेला. दोन हायत." मग उठून गोठ्यातला म्हशींचा उभा पंखा उचलून आणला. शेणाचे शिंतोडे उडालेला. उघड्या कॅबिनेटसमोर लावला, फुल स्पीडवर.

मी खेळत होते आणि आण्णा मागे उभं राहून स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा मोठ्यानं वाचत होते.

"ब्याऐंशी. एकोणऐंशी. शहात्तर. खेळ बिनधास्त."

माइकवर टीममधला एकजण म्हणाला, "कोच कधी ठेवला गं?"

आम्ही हरलो. दोन राउंडनी. आणि त्या दिवशी म्हशींनी अर्धा लिटर दूध कमी दिलं, हे आई अजून ऐकवतात.

माझं जेवणात लक्ष नव्हतं. आता सगळं उघडं पडलं होतं, आणि घरात कुणीच काही बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं द्यायला कुरुंदवाडच्या आत्या आल्या. आण्णांची थोरली बहीण. त्यांच्यापुढे आण्णासुद्धा जपून बोलायचे.

"सून दिसभर खोलीत काय करती रं?"

मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते. "ऑफिसचं" हा शब्द ओठांवर आला होता.

"दिसा नोकरी करती," आण्णा म्हणाले. "सांजच्याला गेम खेळती. टीम हाय तिची. काल हरली, ते माझ्यामुळं."

"गेम? लगीन झाल्यावर?"

"मग? लगीन झालं म्हणून मी भजनाला जायचं सोडलं व्हतं काय?"

आईंनी माझ्या ट्रेमधला कप आत्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आमाला लग्नाच्या पयल्या आठवड्यापास्नं ठावं हाय. वरडती केवढ्यानं."

मी ट्रे ठेवला आणि आत जाऊन पोटभर रडले. त्या दिवसानंतर त्या घरात मला काहीच लपवावं लागलं नाही.

आण्णा, तुम्हाला थँक्यू म्हणायचं राहून गेलं. आज सगळ्यांसमोर म्हणते.

तुमच्या सुनेचा नमस्कार.