पत्रकात न लिहिलेलं

सावकारांविरुद्ध पत्रकं लिहून ती समुद्रपूरच्या बसस्टँडवर वाटणारा मी एका छापील पत्रकालाच फसलो. ते एका खाजगी कंपनीच्या ठेव योजनेचं होतं. 'कष्टकऱ्यांची स्वतःची कंपनी' एवढं वाचूनच मी भारावलो आणि सेवाग्रामला नर्स असलेल्या माझ्या बहिणीला तिची सगळी बचत त्यात घालायला लावली.

"तू वाचलं ना पुढाऱ्या? मंग झालं," ती हसत म्हणाली होती.

वर्षभरात कंपनीच्या कार्यालयाला कुलूप लागलं. बहीण रडली नाही.

"तू पत्रक लिहितं तवा अडचणीचं तेवढं गाळतं," ती म्हणाली. "मंग यायनं काय गाळलं, ते काऊन नाई पाह्यलं?"

नफा कशातून येणार, हे त्या पत्रकात कुठेच नव्हतं.

आता तिच्यासोबतच्या नर्सेस पैसे गुंतवण्याआधी अशी पत्रकं माझ्याकडे पाठवतात. त्यांत काय गाळलंय ते मला चटकन दिसतं. गुंतवणुकीतलं एवढंच मला येतं. पण ती पत्रकं बहीणच घेऊन येते, आणि वाचून झाल्यावरही मी मान खालीच ठेवतो.