मासेवालीनं आणलेलं पाणी

शाळेतून निवृत्त झाले तेव्हा प्रयोगशाळेतला जुना सूक्ष्मदर्शक मला निरोपाची भेट म्हणून मिळाला. देवगडच्या घरी खिडकीपाशी टेबलावर तो ठेवला. मुलीनं पुण्याहून त्याला मोबाइल अडकवायची पकड पाठवली आणि मला उद्योग मिळाला. हाताला लागेल ते काचेखाली ठेवायचं, फोटो काढायचा आणि वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा. आंब्याच्या मोहोरातले परागकण, कुणकेश्वरची चिमूटभर वाळू, मुंगीचा पाय. ग्रुपवर सकाळी गुलाबांसकट सुप्रभात यायचं आणि त्याखाली माझा मुंगीचा पाय. कोणी एखादा अंगठा दाखवी, बाकी शांतता.

माझी पहिली खरी प्रेक्षक म्हणजे दारावर येणारी मासेवाली. तिच्याकडे साधा फोन, म्हणून मीच तिला एकदा माझ्या मोबाइलवर एक फोटो दाखवला.

"बाई, ह्यां काय? लाकडाचो ओंडको कापललो?"

"काल तू दिललंस त्या तांबोशीचां खवलां."

"तुमी माका फसवतास!"

मी तिला आत बोलावलं. पदराला हात पुसून ती खुर्चीत बसली. आधी तिला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग नजर नीट बसली. खवल्यावरची एकात एक बसलेली वर्तुळं ती बराच वेळ बघत राहिली.

"येदी वर्षां खवलां काढतंय," ती म्हणाली, "पण असां कदी बगूक नाय."

त्यानंतर रोज काहीतरी विचारायची. थंडी पडली तेव्हा एका सकाळी म्हणाली, "जाळां ओढताना पाणी चमकता, तां काय आसता?"

मी तिला सांगितलं, ते बारीक जीव असतात, पाणी हललं की उजेड देतात.

"तुमी बगलास?"

"नाय गो. पुस्तकातच."

माझं माहेर बांद्याचं, समुद्र सासरी आल्यावर भेटला, आणि तोही बहुतेक किनाऱ्यावरूनच. नोकरीभर हा धडा मी फळ्यावर चित्र काढून शिकवला होता. माझं ‘पुस्तकातच’ ऐकून ती टोपली सावरत मोठ्यानं हसली. मला लाजही वाटली आणि हसूही आलं.

तिचा नवरा मासेमारीच्या बोटीवर जायचा. चार दिवसांनी तिनं माशांच्या आधी एक बाटली काढून माझ्या हातात दिली. "घोवाक सांगललंय. तेनी बोटीवरना भरून हाडल्यान. बगा आता."

पाणी किंचित हिरवट होतं. एक थेंब मी काचपट्टीवर घेतला. काचेखाली गोल, पारदर्शक फुगे तरंगत होते. प्रत्येकाला एक खळी, खळीतून निघालेली एक शेपटी, आणि पोटात हिरवे ठिपके. फळ्यावर मी काढायचे ते चित्र किती मेलेलं होतं! इथे ती शेपटी सावकाश हलत होती. मी डोळा काढायलाच तयार नव्हते. शेवटी तिनंच मला खांद्यानं बाजूला सारलं आणि डोळा लावला.

"बाई, ह्यो तर देठासकट काढललो आंबो!"

फोटो ग्रुपवर टाकताना मी तिचं तेच वाक्य खाली लिहिलं आणि पाणी कोणी आणलं तेही. त्या दिवशी ग्रुप जागा झाला. बोटीवरचे लोक आवाज रेकॉर्ड करून पाठवू लागले. पाणी कुठे चमकतं, कधी जास्त चमकतं, कोणाच्या जाळ्याला कसं चिकटतं. इतकी वर्षं त्यांनी बघितलेलं सगळं ते सांगत होते आणि मी वहीत उतरवत होते.

तिच्यासाठी मी तो फोटो बाजारात मोठा छापून, प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेतला. तो तिनं मासळी बाजारात आपल्या बसायच्या जागेमागे टांगला. एकदा मी गेले तर ती एका पाहुणीला ऐटीत समजावत होती, "ह्यो दर्यातलो आंबो. धक्को मारलो की तेका राग येता आणि तो पेटता." बरोबरच होतं बऱ्यापैकी. मी काही दुरुस्त केलं नाही, पापलेट निवडत उभी राहिले.

गेल्या आठवड्यात तिनं आणखी एक बाटली आणली. खडकाजवळचं पाणी होतं, आम्ही दोघींनी आळीपाळीनं थेंब थेंब तपासला आणि चिखलाशिवाय काही सापडलं नाही.

"फुडल्या वेळेक दुसऱ्या खडकाकडचां हाडतंय," ती म्हणाली, आणि मी चहा ठेवायला उठले.