बाईंच्या तोंडी जाऊबाईचा हेल

माझ्या थोरल्या जावेला गप्प बसता येत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. झोपेतसुद्धा ती कोणाला तरी काहीतरी समजावत असते, असं मोठे दीर सांगतात. आणि बोलते ती तिच्या माहेरच्या हेलात. आम्हा दोघींची माहेरं एकाच नदीच्या दोन काठांवर. पण नदी ओलांडली की माणसं वाक्याचा शेवट इतका लांबवतात, की पाहुणा निघून गेला तरी वाक्य आपलं ओट्यावर बसलेलं. आमच्या काठावर त्यांना आळशी म्हणतात, त्यांच्या काठावर आम्हाला भांडखोर म्हणतात. त्यांचं मला माहीत नाही, माझ्यापुरतं मात्र खरं आहे.

परदेशात आलो तेव्हा चौघांना मिळून दोन खोल्या आणि एक ओटा. तिथे मानमरातब किती दिवस टिकणार? आम्ही दोघी अगं-तुगंवर आलो. जाऊबाई एवढी हाक तेवढी राहिली.

दोघींना एकाच वृद्धाश्रमात काम मिळालं. मी तळघरात इस्त्रीला, ती वर म्हाताऱ्यांची उठबस करायला. मी इथली भाषा आधी नीट कानात भरून घेतली आणि मग जपून, मोजकं बोलायला लागले. जाऊबाईचं तसलं काही नाही. चार शब्द हाताशी आले, की निघाली बाई! तेही त्याच हेलात. इथली भाषा तिच्या तोंडून ऐकली की वाटायचं, त्या भाषेलाच आपल्या नदीपलीकडे नेऊन, जेवूखाऊ घालून परत आणलं आहे.

आमच्या चहाच्या खोलीत निम्मं जग बसायचं, आणि प्रत्येकाच्या कपाळावर दुसऱ्यांनी चिकटवलेली एकेक चिठ्ठी. बेटावरच्या नर्सा म्हणजे कामचुकार. डोंगरातला स्वयंपाकी म्हणजे कंजूष. आपण म्हणजे मान हलवणारे. हो म्हणतोय की नाही, कळायला मार्ग नाही. गंमत म्हणजे त्यातली एक नर्स दोघींचं काम एकटी ओढायची, पण चिठ्ठी काही निघत नव्हती. प्रत्येकजण दुसऱ्याच्या उच्चारांची नक्कल करायचा आणि स्वतःची कोणी केली की चहा टाकून उठायचा. मी तर कपसुद्धा आपटायचे. जाऊबाई मात्र स्वतःची नक्कल स्वतःच करून दाखवायची.

वरच्या मजल्यावर, खिडकीच्या खोलीत एक म्हाताऱ्या बाई होत्या. जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला, तीही इथलीच भाषा. त्यामुळे सगळे त्यांना बाईच म्हणत. ताठ बसायच्या, केसांची एक बट हलायची नाही. त्यांच्यासमोर कोणी शब्द वेडावाकडा उच्चारला की त्या रागवायच्या नाहीत, नुसतं एक बोट वर करायच्या आणि म्हणायच्या, "पुन्हा." शब्द नीट आल्याशिवाय बोट खाली यायचं नाही.

जाऊबाई सकाळी पडदे उघडायला गेली की बोट वर. "पुन्हा." पाण्याचा पेला दिला, पुन्हा. स्वेटर आणला, पुन्हा. एकदा मी चादरी द्यायला गेले होते, तर ही बया पलंगाशी उभी राहून 'स्वेटर' या शब्दाची घोकंपट्टी करतेय, तीही हसत हसत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुला काही वाटत नाही का गं?" मी जिन्यात विचारलं. "शाळेतल्या पोरीसारखी उभी करतात तुला."

"अगं, त्यांना दिवसभर दुसरं आहे कोण बोलायला?" ती म्हणाली. "मुलगा रविवारी येतो, तोही घड्याळ बघत. मी चुकले नाही, तर त्या बोलतील काय?"

म्हणजे ही मुद्दाम चुकत होती? छे! चुका अगदी खऱ्याच होत्या. पण तिला त्यांची लाज नव्हती, आणि मला माझ्या न केलेल्या चुकांचीसुद्धा होती.

मग एका सकाळी बाई अर्धांगाने पडल्या. दवाखान्यातून परत आल्या त्या वाचा गमावून. उजवा हात लुळा, तोंड किंचित वाकडं, आणि त्या तोंडातून नुसता घशातला आवाज. जन्मभर दुसऱ्यांचे शब्द सरळ करणारी बाई, आणि स्वतःला पाणी मागता येईना. मी चादरी ठेवायला गेले तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

वाचा शिकवणारी एक तज्ज्ञ मुलगी आठवड्यातून एकदा यायची. तिने एक आरसा दिला आणि सांगितलं, "रोज कोणीतरी समोर बसून सावकाश बोलायचं. यांनी ओठ बघायचे, मग आरशात बघून तसंच करायचं." रोज समोर बसून बोलायचं! हे काम कोणाकडे जाणार, ते सांगायला नकोच.

जाऊबाईने ते नुसतं काम म्हणून नाही केलं, तिने त्याचा संसार मांडला. आंघोळ घालताना बोल, भरवताना बोल, केस विंचरताना बोल. बोलायची सगळं इथल्याच भाषेत, फक्त बाईंचा एखादा आवाज जुळून आला की तिच्या तोंडून आपल्या भाषेत निघायचं, "शाब्बास, बाळ!" एवढी मोठी बाई, आणि ही तिला बाळ म्हणते! मी टोकलं, तर म्हणाली, "त्यांच्या भाषेतला शब्द मला येतो गं, पण त्याला माया नाही लागत." बाईंचा आवाज चुकला की ती एक बोट वर करायची. पहिल्यांदा केलं तेव्हा बाई टक लावून त्या बोटाकडे बघत राहिल्या आणि वाकड्या तोंडाने हसल्या, असं तीच सांगते.

थंडी गेली. मी एक दिवस इस्त्रीचे कपडे घेऊन वर आले, तर बाईंच्या खोलीतून नदीपलीकडचा हेल ऐकू येत होता, आणि आवाज जाऊबाईचा नव्हता. मला वाटलं, हिची बहीण आली की काय न कळवता! दार ढकललं. जाऊबाई खाली बसून बाईंना मोजे घालत होती, आणि बाई म्हणत होत्या, "पडदा उघड नाऽऽ, ऊन येऊ देऽऽ." भाषा इथलीच, पण शेवट ओट्यावर बसलेला. माझ्या हातातले कपडे पडले. इथल्या लोकांना ते नुसतं परदेशी वाटलं असतं. मला विचारलं असतं, तर मी गाव सांगितलं असतं.

"ऐकलंस?" जाऊबाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "ऐकलंस ना गं?"

मी हसू की रडू करत कपडे गोळा केले. आधी हसले, हे कबूल.

रविवारी मुलगा आला. दातांचा डॉक्टर, सभ्य माणूस, आवाज कधी चढवत नसे. आईने त्याला विचारलं, "जेवलास काऽऽ?" आणि त्याचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी मॅनेजरबाईंकडे त्याची तक्रार गेली, की माझ्या आईला चुकीचं बोलायला शिकवलं जातंय. जाऊबाईची बदली खालच्या मजल्यावर झाली. बाईंच्या खोलीत इथलीच एक मुलगी आली, आणि एक यंत्रही आलं, त्यातून अगदी शुद्ध उच्चारांत शब्द ऐकू यायचे.

बाईंनी तोंड मिटलं. मुलगी गोड होती, यंत्राचंही चुकत नव्हतं, पण बाई दाराकडे बघत बसायच्या. तज्ज्ञ मुलगी काळजीत पडली. म्हणाली, "ज्या तोंडाकडे बघून शब्द येतात, ते त्या तोंडासारखेच येणार. आत्ता खंड पडला, तर आलेलेही जातील."

आणि घरी? जाऊबाई गप्प! मोठे दीर घाबरून मला विचारायला लागले, हिला ताप आहे का. ती भांडी घासायची, पुसायची, ठेवायची, चकार शब्द नाही. एकदाच म्हणाली, "माझ्या बोलण्याला मी कधी लाजले नाही. पण त्यांचं बिघडवलं असेन, तर?" मला त्या डॉक्टरला समोर उभं करून सोलून काढावंसं वाटलं.

पुढच्या रविवारी बाईंचा इस्त्री केलेला स्वेटर घेऊन मी निघाले आणि जाऊबाईचा दंड धरून तिला वर ओढत नेलं. "मॅनेजरबाई रागावतील," ती म्हणत होती. "रागावू देत," मी म्हटलं. "भांडखोर काठाची आहे मी."

मुलगा आईजवळ बसला होता. आम्हाला बघून उठला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच म्हणाला, अगदी हळू, "मला ठाऊक आहे, तुम्ही वाईट नाही वागलात. पण लहानपणी आई मला रोज वाचून दाखवायची. तो आवाज गेला. आता डोळे मिटले की वाटतं, दुसरंच कोणीतरी बोलतंय. मला माझी आई परत हवी आहे, एवढंच."

माझी सगळी तयारी पाण्यात गेली. अशा माणसाशी भांडणार कसं? जाऊबाईने माझा हात सोडवला. "चल," ती म्हणाली, "त्यांचं बरोबर आहे." आणि ती वळली.

"बाळ," मागून आवाज आला.

इतक्या दिवसांत बाईंनी उच्चारलेला पहिला शब्द. जाऊबाई धावत माघारी आली, तिला वाटलं आपल्यालाच. पण बाई तिच्याकडे बघत नव्हत्या. डाव्या हाताने त्यांनी मुलाची बाही धरली होती. "बाळ," त्या पुन्हा म्हणाल्या. आणि तो ळ! इथल्या माणसाच्या जिभेला जो जन्मात वळत नाही, तो ळ बाईंच्या तोंडून अगदी स्वच्छ आला.

मुलगा गोंधळला. "काय म्हणतेय ती?" त्याने आम्हाला विचारलं.

जाऊबाईला हयातीत पहिल्यांदा शब्द सापडेना. मलाच सांगावं लागलं. "आमच्याकडे आई लेकराला म्हणते ते. लेकरू कितीही मोठं झालं तरी. दुसरं कोणी नाही बोलत आहे, डॉक्टर. तुमच्या आईच बोलतायत, तुमच्याशी."

तो परत आईजवळ बसला. तिचा हात हातात घेतला. मग डोळे पुसून, तिच्या तोंडाकडे बघत, त्याने म्हणून पाहिलं, "बाल."

बाईंचं बोट वर गेलं.

"बाल," तो म्हणाला.

बोट वरच. जाऊबाई डोळे पुसत आरसा शोधायला लागली.

"पुन्हाऽऽ," बाई म्हणाल्या.