अहमदाबादच्या विमानाचं भारमान

अहमदाबादचं विमान कोल्हापुरातून बंद झालं ते माझ्यामुळं, असं आमच्या घरात धरून चालतात. घरात म्हणजे मी आणि आमचे हे, दोघंच. हे एसटीत कंडक्टर होते. आता रिटायर झालेत, पण अजून माणसाकडं बघतात ते तिकीट काढलंय का असंच.

आमचं घर गडमुडशिंगीत. विमानं आमच्या गच्चीवरूनच चढतात आणि उतरतात. इतकी वर्षं मी ती बघत आले, पण आत बसायचा विचार कधी शिवला नाही. हौस नव्हती असं नाही. आत गेल्यावर कुणीतरी काहीतरी विचारेल, ही भीती होती.

माझी लेक अहमदाबादला असते. जावई तिथं औषधांच्या कारखान्यात शिफ्टला. पहिली नात रीतीप्रमाणं आमच्याकडं झाली. दुसऱ्या खेपेला लेकीला इकडं येता येईना. नातीची शाळा होती आणि डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलेलं. सासू वारलेली. दवाखान्यात जायची वेळ आली तर पाच वर्षांच्या पोरीजवळ कोण राहणार? फोनवर ती म्हणाली, "आई, तू ये. सातव्यातच ये. रेल्वेचं नको, ती आठवड्याला एकच आणि कायम भरलेली. विमान थेट हाय." तिनंच फोनवरून तिकीट काढलं. मी व्हय म्हटलं, कारण न्हाय म्हणायला जास्त बोलावं लागतं.

शेजारची सूनबाई विमानतळावर काउंटरला आहे. त्या दिवशी तिची सुट्टी होती, पण तिनं आदल्या दिवशी मला सगळं पढवलं. बॅग कुठं द्यायची, कागद कुठला जपायचा. "आणि तपासणी झाली की आत खुर्चीवर बसून राहा काकू. बोलावतील."

मी अक्षरशः तसंच केलं. बॅगेत डिंकाचे लाडू, तिखट, तान्ह्याची दुपटी. ती बॅग नाडीनं बांधून दिली, पडद्याआड पोलीसबाईनं अंगावरून यंत्र फिरवलं ते सोसलं, आणि आत जाऊन बसले. थोड्या वेळानं रांग लागली. मीही उठून उभी राहिले. दारातला मुलगा कागद बघून मोठ्यानं म्हणाला, "हे हैदराबादचं हाय मावशी. बसा तुम्ही." सगळी रांग माझ्याकडं बघायला लागली. मी परत येऊन बसले आणि ठरवलं, आता मला येऊन कुणी उठवल्याशिवाय उठायचं नाही.

दुसरी रांग लागली. मी उठले नाही. रांग संपली. मी घंटीची वाट बघत होते. कंडक्टरची बायको मी, गाडी सुटायच्या आधी टणटण होणारच असा माझा हिशेब. घंटी झाली नाही. भोंग्यातून माझं नाव आलं.

माझं नाव म्हणजे आधार कार्डावरचं, नवऱ्याचं आणि आडनाव लावून पुरं. लग्नात बदललेलं हे नाव मला कुणी हाकारत नाही. हे "आगं" म्हणतात, गल्ली काकू म्हणते. ते नाव आजवर मी फक्त कागदावर बघितलेलं, आणि ते छतातून आलं. माझी पहिली समजूत झाली की लाडवात काहीतरी सापडलं. पुन्हा नाव आलं. बसलेले लोक मान वळवून बघायला लागले, कोण ही बाई. मग मीही मान वळवून बघितलं.

गणवेशातली एक मुलगी धावत आली. एकेकाला विचारत माझ्यापाशी थांबली. "अहमदाबाद?" मी मान हलवली. ती व्हय अशी हलायला पाहिजे होती, न्हाय अशी हलली.

काचेतून मला सगळं दिसत होतं. विमानाचं पोट पुन्हा उघडलं. दोघंजण आत वाकले, बॅगा उपसल्या, आणि माझी नाडी बांधलेली बॅग बाहेर काढून गाडीवर ठेवली. माणूस बसला नाही तर त्याची बॅग न्यायची नाही असा त्यांचा नियम आहे, हे मला नंतर कळलं. तेवढा वेळ आतली सगळी माणसं माझे लाडू उतरायची वाट बघत बसली होती. मग विमान गेलं.

बॅग घेऊन मी रिक्षानं घरी आले. हे गच्चीवर उभे राहून आभाळाकडं टॉवेल हलवत होते. विमान कधीच दिसेनासं झालं होतं, पण यांचा टॉवेल चालू होता. मला हाक मारायची सवय नाही. मी फाटकाची कडी वाजवली. त्यांनी खाली बघितलं, मग वर बघितलं, मग परत खाली.

"उतरलीस कुठं गं?" म्हणाले.

यांना मी खरं सांगितलं. लेकीला मात्र सांगितलं की चक्कर आली. बीपी वाढलं असेल. लाज झाकायला आजारपणासारखं पांघरूण नाही, मला तेवढं एकच सुचलं. ती घाबरली. "राहू दे आई, आधी जिवाला जप. नवव्यात बघू." मग महिनाभर मी फोनवर न घेतलेल्या गोळ्या घेत होते.

नवव्याचं तिकीट तिनं काढलं, आणि आठवड्याभरात तिला निरोप आला की विमान रद्द. एका दिवसाचं नव्हे, ती फेरीच बंद.

संध्याकाळी हे अंगणात शेजारच्या सूनबाईला म्हणाले, "तुमच्या काकूनं एक सीट मोकळी घालवली. भारमान घसरलं. कंपनीनं फेरीच मारली."

भारमान हा यांचा एसटीतला शब्द. गाडीतल्या किती सीटा भरल्या त्याचा आकडा. तो पडला की डेपो फेरी बंद करतो. लग्न झाल्यापासून आमच्या घरात मीठ कमी पडलं तरी भारमान घसरतं.

सूनबाई हसली, पण नीट सांगायला बसली. "काका, तुमच्या डेपोत एक गाडी ब्रेकडाऊन झाली तर कुठली फेरी रद्द करायचासा?"

"आडगावची. पुण्याची कोण करतंय?"

"मग झालं की. कंपनीकडं इमानं थोडी. एक दुरुस्तीला गेलं की जिथं कमाई कमी तिथलं काढून दुसरीकडं लावत्यात. आपण आडगाव."

"कोल्हापूर आडगाव?" यांना ते झोंबलं. "सुरू तरी कशाला केलं मग?"

"नव्या फेरीला मोकळ्या सीटांचे थोडे पैसे सरकार देतंय. काही वरसं. ती मुदत सरली की आपलं आपण. आणि बघा, आठवड्यातनं तीनच दिवस. व्यापारी माणूस मंगळवारी जाणार, त्याला बुधवारी परत यायचं असतंय, इमान गुरुवारी. तो कशाला बसतोय? रातच्या ट्रॅव्हल्सनं जातोय. मग सीटा मोकळ्या. सीटा मोकळ्या म्हणून दिवस वाढवत न्हाईत."

"दिवस वाढवत न्हाईत म्हणून सीटा मोकळ्या," हे म्हणाले. "आमची पण सकाळची फेरी काढली की लोक वडापच्या जीपला लागायचे. मग दुपारची पण रिकामी." नोकरीतली जुनी हार त्यांना आठवली असावी.

सूनबाई मला म्हणाली, "काकू, तुमच्या एका सीटनं काय हुतंय? तुमचं तिकीट तर काढलेलं होतं. त्यांच्या लेखी तुम्ही बसलासाच."

मी मान हलवली. या वेळी बरोबर हलवली. पण एक गोष्ट मी त्या दोघांना सांगितली नाही. फेरी बंद झाल्याचं कळलं तेव्हा मला आधी हायसं वाटलं होतं. पोटुशी लेक परमुलखात एकटी, आणि मला हायसं.

हे माझं जुनंच आहे. माझ्या माहेरच्या गावात शाळा चौथीपर्यंत. पाचवीला मुरगूडला जायचं, आणि त्याच साली सकाळची एसटी बंद झाली. भारमान. जन्मभर मी सांगत आले, एसटी गेली म्हणून शाळा सुटली. ते खोटं नाही. पण गाडी येणार नाही असं गावात कळलं त्या सकाळी मी चुलीपुढं बसून दोन भाकरी जास्त खाल्ल्या होत्या, हे मी सांगत नाही. मुरगूडच्या वर्गात उभं राहून नाव सांगायचं टळलं होतं. माझ्यासाठी फेऱ्या बंद करायला कंपनी लागत नाही, मी आतून बंदच असते.

मग रेल्वेचं तिकीट मिळालं, दोन आठवड्यांनंतरचं. त्याच्या चार दिवस आधी सकाळी जावयाचा फोन आला. मुलगा झाला, दोघं बरी आहेत. "काल संध्याकाळीच नेलं होतं," म्हणाले.

हे म्हणाले, "आणि कळवलं न्हाय ते?"

"तीच नको म्हणाली. आईला चक्कर येते, उगं काळजीनं बीपी वाढंल."

फोन स्पीकरवर होता. हे माझ्याकडं बघत होते. चेष्टा करायला इतकी चांगली जागा यांना आयुष्यात मिळाली नसेल, पण ती त्यांनी मोकळीच सोडली.

मी पोचले तेव्हा बाळ पाच दिवसांचं होतं. दार नातीनं उघडलं. चपला काढायच्या आत तिनं सांगितलं, की मी शेजारच्या गुजराती काकीकडं झोपले, दोन रात्री, आणि पहिल्या रात्री जेवले नाही, कारण आजी येणार होती. तिनं ते तक्रार म्हणून सांगितलं नाही. आकाशवाणीवर बातम्या देतात तसं सांगितलं.

लेक खाटेवर पडून होती. शेजारची काकी तिथंच बसलेली. लेक तिला हिंदीत म्हणाली, आईची तब्येत बरी नसते, त्यात विमानही बंद झालं, तरी आली बघा. काकीनं माझ्याकडं फार मायेनं बघितलं आणि मला बसायला उशी दिली.

त्या उशीवर मला बसवेना. मी उभ्यानंच म्हटलं, "मला चक्कर आली नव्हती. बीपी पण न्हाय. मला बोलावलं आणि मी उठले न्हाय. लाजले."

लेकीला आधी कळेना. मग मी सगळं सांगितलं, मान कशी वळवली, मान कशी हलवली, बॅग कशी काढली. इतकं सलग मी लग्नानंतर बोलले नसेन. काकीला मराठी येत नव्हतं, तीही तोंडाकडं बघत ऐकत होती.

"आई," लेक म्हणाली, "तुझ्या बीपीसाठी मी मंगळवार धरले. पोटुशी असून."

मी बॅगेची नाडी सोडायला लागले.

"आणि कळा यायला लागल्या तवा फोन हातात घेऊन परत ठेवला मी."

ती भिंतीकडं वळली. मी बाळाची दुपटी काढून घड्या घालत बसले, घातलेल्याच घड्या. ती तशीच पाठमोरी म्हणाली, "सव्वा महिना हलायचं न्हाय इथनं. आणि जाताना तुझं तिकीट तू काढायचंस. मी काढणार न्हाय, ह्यांना पण काढू देणार न्हाय."

"बरं," मी म्हटलं. मग विचारलं, "ते मिळतंय कुठं?"

तेव्हा ती हसली, टाक्यांवर हात दाबून, आणि दुखतंय गं म्हणून मलाच ओरडली.