गाडीपुढं कोण चालणार

दिवाळीनंतर जंगलातले रस्ते उघडले की आमचे हे जे घराबाहेर पडत, ते थेट मृग लागेपर्यंत. मधेच कधी घरी एक मुक्काम घडायचा. आंघोळ, जेवण, झोप आणि सकाळी पुन्हा गाडी. ते ट्रकमध्ये आलापल्ली-एटापल्लीकडून बांबू भरून बल्लारपूरच्या डेपोत आणायचे आणि मी घुग्घुसच्या एका खोलीत सासूबाईंसोबत कोळशाची धूळ पुसत बसायचे. लग्नाला वर्ष झालं आणि माझ्या लक्षात आलं, की यांच्यापेक्षा मला शेजारची बाई जास्त ओळखते. मी सरळ सांगितलं, येत्या खेपेला मीही येणार.

योगायोगानं त्याच आठवड्यात यांचा क्लिनर कोळसा खाणीत नोकरीला लागला आणि गाडीत जागा झाली. गाडीचा मालक बोलायला तिखट, पण शब्दाचा पक्का माणूस. बाई गाडीत नको म्हणणारे ड्रायव्हर पुष्कळ होते, त्यांचं कारण अपशकुन. आमच्या घरात ते चालत नव्हतं. सासऱ्यांनी बौद्ध दीक्षा घेतली तेव्हाच लिंबू-मिरची आणि शकुन-अपशकुन उंबऱ्याबाहेर गेले होते. मालकाचं म्हणणं वेगळंच होतं. बाई असली की उशीर होतो, एवढंच. शेवटी तो म्हणाला, ही एक खेप कर. पाचव्या दिवशी गाडी परत त्याच्या आवारात, अहात्यात, उभी दिसली तर पुढचं बघू, नाहीतर बाई घरी.

म्हणजे पाच दिवसांत माझा सगळा संसार ठरायचा होता. मी ताडपत्री, तवा, पातेलं, तांदूळ, लाखोळीची डाळ आणि सुके झिंगे बांधून घेतले आणि पहाटेच केबिनमध्ये जाऊन बसले. सासूबाई म्हणाल्या, एवढी घाई तर लग्नाच्या दिवशीही नव्हती हिला. खरंच नव्हती.

गडचिरोली तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, पण रस्त्यांना ती बातमी पोचलेली नव्हती. आष्टीपर्यंत डांबर होतं, मग खडी, मग मुरूम आणि आलापल्लीच्या पुढं आत वळलो तर नुसती दोन चाकोऱ्यांची वाट. दोन्ही बाजूंना सागवान इतका उंच, की मान वर करावी तर डोकं गाडीच्या टपाला टेकायचं. संध्याकाळी गाडीच्या फाळक्याला ताडपत्री बांधायची, खाली तीन दगड मांडून भात शिजवायचा आणि उजेड आहे तोवर जेवून घ्यायचं. यांना झिंग्याची चटणी आवडते हे मला वर्षभरानं तिथं कळलं. हे बोलतात, गाणंही गुणगुणतात, हेही तिथंच कळलं. मी इतकी सुखात होते, की अंग आंबलंय याची तक्रार करायचीही राहून गेली.

त्या वाटेवर पूल नव्हते, नाले होते. आणि नाला ओलांडायची एक ठरलेली रीत होती. क्लिनरनं खाली उतरायचं, गाडीपुढं पाण्यातून चालायचं आणि जिथं त्याचा पाय ठरतो तिथूनच ड्रायव्हरनं गाडी घालायची. वाळू दर दोन दिवसांनी जागा बदलते, म्हणून परवाची वाट आज धरायची नाही. हे सगळं यांनीच मला सांगितलं. पण जाताना पहिला नाला आला तेव्हा मी दार उघडलं तर यांनी हात धरून बसवलं. स्वतः उतरले, मांडीपर्यंत भिजत पलीकडं जाऊन आले आणि मग गाडी काढली. पुढच्या मोठ्या नाल्यावरही तेच. खरं सांगते, मला ते बरं वाटलं. वर्षभर ज्या माणसाची वाट पाहिली, तो माझ्यासाठी भिजतोय, कोणाला आवडणार नाही?

कुपात, बांबूतोडीच्या जागी, गाडी भरली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही परत त्याच मोठ्या नाल्यावर आलो. आता गाडी भरलेली होती, ऊन उतरत होतं आणि यांना घाई झाली होती. मी म्हटलं, उतरते. लहानपणापासून धानाच्या बांधीत रोवणा केलेला, कुठला चिखल माणसाला धरतो आणि कुठला सोडतो ते माझ्या पायांना कळतं. हे म्हणाले, "बायकोले गाडीपुढं पाण्यात नाई चालवत मी. परवा इथूनच तं आलो." आणि स्वतःही न उतरता गाडी घातली.

मध्यावर मागचं चाक बसलं. हे जेवढा जोर लावत तेवढी वाळू चाकाखालून निघून जाई. शेवटी इंजिन बंद केलं तेव्हा पाण्याचा आवाज फार मोठा वाटायला लागला.

मी संतापले. यांच्यावर संतापायची ती माझी पहिलीच वेळ. "बायको घरीच होती तुमची," मी म्हटलं. "इथी क्लिनर आणला होता ना? मंग त्याले काऊन बसवून ठेवलं?" दोघांनी मिळून अंधार पडेपर्यंत बांबू उतरवून काठावर नेले. हातांची सालं निघाली. चटणी-भात झाला, तो दोघांनी दोन टोकांना बसून खाल्ला. मला डोळ्यासमोर घुग्घुसची खोली दिसत होती.

चौथ्या दिवशी सकाळी जवळच्या पाड्यावरचे चार माडिया गडी आले. न बोलावता आले, बरोबर फावडी घेऊन. त्यांच्यातल्या वयस्क माणसानं चाकाकडं पाहिलं आणि मोडक्या मराठीत विचारलं, गाडीच्या पुढं कोण चालत होता? हे म्हणाले, कोणी नाही. त्यानं एकदा माझ्याकडं, एकदा यांच्याकडं पाहिलं आणि तो हसला. मग त्यानं आपल्या माणसांना गोंडीत काहीतरी सांगितलं, तेही हसले. यांची मान खाली गेली आणि मला यांची दया आली.

दुपारपर्यंत चाकांसमोर फांद्या आणि चपटे दगड बसले. फांद्या संपत होत्या तिथून पुढं मात्र पंचवीस-तीस पावलं नुसतं पाणी होतं. या वेळी मी विचारलं नाही. कासोटा घातला आणि उतरले. डावीकडं वाळू पायाखालून सरकत होती, उजवीकडं खाली मुरूम लागत होता. मी गाडीकडं तोंड करून उलटी चालायला लागले, दोन्ही हात वर. गाडी माझ्या अंगावर येत होती. हे खिडकीतून अर्धे बाहेर आले होते आणि तोंड पांढरं पडलं होतं. सारखे ब्रेक दाबत होते. असं थांबत थांबत आले असते तर पुन्हा बसलेच असते.

"माया तोंडाकडं पाहू नोका," मी ओरडले. "पायाकडं पाहा."

मग त्यांनी नजर खाली घेतली आणि ब्रेक सोडला. गाडी एका दमात पाण्याबाहेर आली. काठावर मी बाजूला झाले तर यांनी खाली उडी मारली आणि त्या चौघांदेखत मला घट्ट धरलं. रडत होते. मीही रडले.

बांबू परत चढवण्यात तो दिवस गेला. डेपोत माल उतरवून घुग्घुसला पोचलो तो सहावा दिवस होता.

मालक अहात्यात खाट टाकून बसला होता. समोर दोन ड्रायव्हर चहा पीत होते. त्या अहात्यात यांचं एक नाव होतं: याची गाडी कधी फसत नाही. मालकानं माझ्याकडं न पाहता यांना म्हटलं, "बाई असली का उशीर होतेच. मी सांगतलं होतं."

मला माहीत होतं, पंक्चर झाली म्हटलं तरी मालक मानेल. जंगलात पंक्चर कोणाची होत नाही? हे तसं म्हणाले असते तर मी चारचौघांत त्यांना खोटं पाडलं नसतं. पण पुन्हा गाडीत बसवा असंही कधी म्हटलं नसतं, हे मी तिथं उभ्या उभ्या ठरवलं होतं.

"बाईमुळं नाई," हे म्हणाले. "गाडी मी फसवली. ही पुढं चालतो म्हणत होती, मीच उतरू नाई देल्लं. काढली बी हिनंच."

चहा पिणारे दोघे थांबले. मालक पहिल्यांदाच माझ्याकडं वळला आणि विचारलं, पाण्यात भेव नाई लागत का तुले?

"लागते," मी म्हटलं. "पन गाडीत बसून जास्त लागते."

मालकानं यांना सांगितलं, परवा निघा, आणि हिला आधी उतरू देत जा. यांनी मान हलवली.