पादऱ्याच्या बसचं चित्र

माझ्या बायकोचा, सीमाचा, इस्पितळातून फोन आला तेव्हा मी रावपुऱ्यातल्या घरी ईशानला दूधपोहे भरवत होतो. "ताई गेल्या हो," एवढंच ती म्हणाली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, ईशानची आत्या. आमच्याच घरी राहायची. ईशान अकरा वर्षांचा आहे, स्वमग्न. जवळजवळ बोलत नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर ताईने त्याच्यासाठी एक कापडी पट्टी लावली होती. दिवसभरात काय काय होणार त्याची चित्रं तिच्यावर ओळीने चिकटवायची... दूध, शाळा, बाग, आत्या. काही हवं असलं की ईशान त्याचं चित्र काढून आमच्या हातात ठेवतो. मी फोन ठेवला तसा ईशान उठला, पट्टीवरच्या आत्याच्या फोटोवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी पट्टीवर बसचं चित्र चिकटवलं आणि म्हणालो, "आत्या पादऱ्याला."

दर गुरुवारी ताई बसने पादरा गावी, तिथल्या एका शाळेत अशाच मुलांना शिकवायला जायची. संध्याकाळी न चुकता परत यायची.

ईशान लहान असताना मी त्याला बागेचं चित्र दाखवून केस कापायला नेलं होतं. खुर्चीत तो इतका किंचाळला की न्हाव्याने हात जोडले. घरी ताई माझ्यावर बरसली. "विन्या, कमाटीबाग दाखवतो म्हणून तुला कोणी दात उपटायला नेलं तर?"

"अगं, खरं सांगितलं असतं तर आला असता का तो?"

"नसता आला. केस वाढले असते. बापावर गेलाय, माकड दिसतोय, म्हणाले असते लोक!" मी हसलो. ती हसली नाही. "पुढे काय होणार याचा अंदाज त्याला बांधता येत नाही रे. आपण सांगतो तेवढाच त्याला आधार. तो काढून घेऊ नकोस."

त्यानंतर कितीतरी महिने बागेचं चित्र दिसलं की ईशान भिंतीवर डोकं आपटायचा. ताई रोज संध्याकाळी त्याला बागेच्या फाटकापर्यंत न्यायची, फाटकाला हात लावू द्यायची आणि घरी आणायची. बाकी काही नाही. एक दिवस तो आपण होऊन आत शिरला. तेव्हा तिने मला ऑफिसात फोन केला आणि नुसती रडली...

हे सगळं ठाऊक असून मी पादरा म्हणालो. त्या संध्याकाळी तो दारात बसून राहिला. दुसऱ्या दिवसापासून माझं हेल्मेट घेऊन स्कूटरपाशी उभा राहू लागला. शेवटी एका रविवारी मी त्याला पादऱ्याला नेलं. शाळा बंद होती. त्याने फाटकाला हात लावला आणि वाट पाहत उभा राहिला. "आजे रजा छे, भाई. कोने मळवुं छे?" पहारेकऱ्याने विचारलं. कुणाला भेटायचंय... मी ईशानला स्कूटरवर बसवलं. माझं खोटं मी आणखी पक्कं करून परतलो.

परवा त्याला जवळ घेतलं. ताईचा हार घातलेला फोटो दाखवला. तिने शिकवलं होतं तसं, लहान लहान वाक्यांत, सावकाश सांगितलं, "आत्या मेली, ईशान. आता येणार नाही. बाबा खोटं बोलला."

त्याने ऐकून घेतलं. मग पट्टीपाशी गेला. ताईच्या बोटांनी कडा मऊ झालेलं बसचं चित्र काढून त्याने माझ्या हातात ठेवलं, आणि हेल्मेट आणायला गेला.