सुलोचनाताईंची एका दिवसाची नोंद

हे माझ्या तोंडून आजवर एकदाही निघालेलं नाही. समितीत नाही, घरी आईजवळ नाही, इमरानजवळ तर नाहीच. आणि मी काही गप्प बसणारी नाही हो — गेटवर उभी राहून सुपरवायझरला तोंडावर सुनावते, पत्रकं लिहिते. त्यांत ‘खोटारडे’ हा शब्द इतक्यांदा येतो की छापखान्यातले काका म्हणतात, सोनल, हा आता मी आधीच टाईप करून ठेवतो. आज तो शब्द माझ्यासाठी लागणार आहे. म्हणून सरळ लिहायला बसले — आणि बघा, सरळ लिहिता येत नाहीये.

ॲपपासून सुरू करते. चालेल?

वळ, दापोडे ही गावं, त्यापुढचा सगळा पट्टा — गोदामंच गोदामं. आमची समिती तिथे माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या, पॅकिंग करणाऱ्या माणसांची. काम कंत्राटदारामार्फत, आणि हजेरीचं रजिस्टरही कंत्राटदाराच्याच कपाटात. म्हणजे तुम्ही आज कामावर होतात की नव्हतात, हे तुम्ही नाही, तो सांगणार. अपघात झाला की हमखास एकच वाक्य — ‘ही बाई आज ड्युटीवर नव्हतीच.’ ते ऐकून ऐकून आम्ही ठरवलं, आपली हजेरी आपण ठेवायची. मोबाइलवर. आत जाताना एक बटण, बाहेर येताना एक बटण. वेळ आणि ठिकाण आपोआप नोंदलं जाणार. मी त्यावर पत्रक लिहिलं, ‘आमची हजेरी, आमच्या हातात’. अजून कुठेकुठे भिंतींवर चिकटलेलं आहे ते. मी त्या भिंतींकडे बघत नाही.

ॲप बनवायचं कुणी? मी आयटीतली पदवी घेतलेली, आणि दुसरा इमरान. त्याच्या आजोबांनी लूमवर, यंत्रमागावर, दिवस काढले. याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे जुने फोन उघडून बसलेला असतो. शिकला स्वतःच, यूट्यूबवर बघून.

वाद झाला तो इथेच. इमरानचं म्हणणं, फक्त अँड्रॉइडसाठी लिहू, हलकं, साधं. माझं म्हणणं, फ्रेमवर्क घेऊ. फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा. एकदाच लिहायचं, अँड्रॉइडवरही चालतं, आयफोनवरही. नाव लिहीत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. चांगल्या हातांनी त्यात चांगलीच कामं होतात.

दापोड्याच्या आमच्या खोलीत बैठक. इमरान मला म्हणाला, “लोडिंगवाल्यांत आयफोन किसके पास है? एक नाव सांग. एकच.”

नावाऐवजी मी भाषण केलं. आयफोनवाला कामगार उद्या आला तर त्याला दाराबाहेर ठेवायचं का? आपण भेदभाव करणार का? — असलं काहीतरी. टाळ्या पडल्या. इमरान हसला, म्हणाला, “बाप रे, आयफोनवाला मजदूर! आला की मला भेटव, सेल्फी घेतो.” आणि त्याने हात वर करून माझ्या बाजूने मत दिलं.

आयफोन कुणाकडे होते, माहितीये? आम्हाला मदत करणाऱ्या वकीलबाईंकडे. मुंबईहून येणाऱ्या प्राध्यापकांकडे, दोन पत्रकारांकडे. उद्घाटनाला ते येणार होते आणि मला ॲप त्यांच्या हातात उघडलेलं बघायचं होतं. हे एक. आणि त्याच्याही खाली अजून एक — मला तेवढं एकच फ्रेमवर्क येत होतं. इमरानच्या वाटेने गेलो असतो तर ॲप इमरानचं झालं असतं. पत्रक लिहिणारी मी, आणि ॲप दुकानातल्या पोराचं? असा विचार मी केला. बैठकीत ज्या तोंडाने भेदभावावर बोलले, त्याच डोक्यात.

बैठकीत विचारलं गेलं, जुन्या फोनवर तपासलं का? मी म्हणाले, बारा फोनवर तपासलं.

तपासलं होतं तीन फोनवर. माझा, माझ्या भावाचा नवा कोरा, आणि इमरानच्या दुकानातून आणलेला एक जुना. त्या जुन्यावर नोंद दोनदा हरवली. दोनदा. मी स्वतःला सांगितलं, बॅटरी गेलेली आहे याची. आणि फोन ड्रॉवरमध्ये टाकला.

आता जरा गेटचं समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. गोदामात फोन आत नेऊ देत नाहीत. सकाळी शिफ्टला रांग लागते, पुढे वॉचमन बसलेला, त्याच्यापाशी प्लास्टिकचा क्रेट. त्याच्या डोळ्यांदेखत फोन बंद करायचा, क्रेटमध्ये टाकायचा, टोकन घ्यायचं, आत. मागची बाई ढकलत असते, वॉचमन ओरडत असतो, “चलो चलो, बंद करो, बंद!” म्हणजे बटण दाबलं की दुसऱ्या क्षणाला फोन बंद. हे मला ठाऊक होतं. त्या रांगेशेजारी उभं राहून मी वर्षभर पत्रकं वाटली आहेत. इमरान बैठकीत तेच सांगत होता — दाबलं की त्याच क्षणी नोंद फोनच्या पोटात उतरली पाहिजे.

माझ्या ॲपमध्ये ती उतरत नव्हती. फोनला ठिकाण सापडेपर्यंत नोंद थांबायची. नव्या फोनला दोन-तीन सेकंद पुरत. जुन्याला, पत्र्याच्या शेडखाली, मिनिटही लागे. आणि ती हिरवी खूण — ‘नोंद झाली’ — ती मात्र बटण दाबताक्षणी उमटायची. मीच तशी ठेवली होती. उद्घाटनात झटपट दिसावं म्हणून. नोंद झालेली नसताना झाली म्हणून सांगणारी खूण. आम्ही कंत्राटदाराच्या रजिस्टरला काय म्हणायचो?

बरेच दिवस निभावलं. कधी कुणाची एखादी नोंद गळायची. मी म्हणायचे, नेटवर्क. वळला नेटवर्कचं रडगाणं आहेच, सगळ्यांना पटायचं.

मग सुलोचनाताई.

सुलोचनाताई दिघाशीच्या. पॅकिंगला होत्या. आमच्या समितीत पहिल्यांदा आलेल्या बायकांपैकी. मला ‘काय गो पत्रकवाली’ म्हणून हाक मारायच्या आणि पिशवीतून काहीतरी काढून हातावर ठेवायच्या — कधी सुकट घातलेली तांदळाची भाकरी, कधी नुसते चिंचेचे आकडे. ॲप आलं तेव्हा नातीकडून शिकल्या. एके दिवशी कार्टनची थप्पी कोसळली आणि उजवा हात खाली सापडला. दोन बोटं गेली — म्हणजे तुटली नाहीत, पण वळत नाहीत. पॅकिंग संपलं. कंत्राटदार म्हणाला, त्या दिवशी त्या कामावर नव्हत्याच, घरी पडल्या असतील. बरोबरच्या बायका? त्यांना दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. कुणी तोंड उघडलं नाही. मी त्यांच्यावर तेव्हा किती चिडले होते!

पण मी निर्धास्त होते. ॲप आहे ना. याच दिवसासाठी तर बनवलं.

ताई हाताला प्लास्टर घालून फोन घेऊन दापोड्याच्या खोलीवर आल्या. मी ॲप उघडलं. अपघाताच्या आदल्या दिवशीची नोंद आहे. त्याच्या आदल्या दिवशीची आहे. अपघाताचा दिवस — कोरा.

“हिरवं झालेलं गो,” ताई म्हणाल्या. “मी सवताच्या डोल्यानं बघितलंय.”

ॲपमधल्या चुका शोधण्यासाठी मी आत एक लपलेली रोजनिशी, म्हणजे लॉग, ठेवली होती. माणूस काय करतो ते तीत लगेच उतरायचं. ती माझ्याशिवाय कुणाला दिसत नसे. ताई पाणी प्यायला उठल्या तेवढ्यात मी ती उघडली. त्या दिवसाच्या तीन ओळी होत्या. सहा बावन्न, बटण दाबलं. सहा बावन्न, ठिकाण शोधत आहे. सहा त्रेपन्न, फोन बंद.

त्या तीन ओळी मी वकीलबाईंना दाखवल्या असत्या तर? टिकल्या असत्या की नाही, देव जाणे. पण त्या होत्या. ताई त्या सकाळी गेटवर होत्या, त्यांनी बटण दाबलं होतं, हे सांगणारी जगात तेवढी एकच गोष्ट होती आणि ती माझ्या हातात होती. त्या दाखवायच्या म्हणजे हेही दाखवायचं, की ॲप खोटी खूण दाखवतं. की बारा फोन नव्हते. की इमरान बरोबर होता.

ताई परत येऊन बसल्या. मी म्हणाले, “ताई, बटण दाबायचं राहिलं असेल. आदल्या दिवशीचं हिरवं तुम्हाला आठवत असेल.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग प्लास्टरकडे. “असंल,” म्हणाल्या. “मना कुठं कलतंय त्यातलं.”

इथे थांबले असते तरी —. थांबले नाही. मी म्हणाले, “द्या, ॲप नवीन टाकून देते, चांगलं चालेल.” जुनं काढलं, नवीन टाकलं. बाकीच्या दिवसांच्या नोंदी आमच्या सर्व्हरवर होत्या, त्या परत आल्या. रोजनिशी फक्त फोनवर होती. ती गेली. मला ठाऊक होतं ती जाणार. म्हणूनच केलं. ताईंनी फोन परत घेताना माझ्या डोक्यावरून डावा हात फिरवला.

इमरानने एकदाच विचारलं, “लॉग देखा था?” मी म्हणाले, काही नव्हतं. तो ‘अच्छा’ म्हणाला आणि दुसऱ्याच कुठल्याशा फोनचा स्क्रू काढत बसला.

कामगार कार्यालयात सुनावणी झाली. अधिकाऱ्याने विचारलं, तुमचं ते ॲप काय म्हणतं? आम्ही नोंदींची यादी पुढे सरकवली. कंत्राटदाराचा मॅनेजर ती बघून हसला, म्हणाला, “साहेब, इनके खुद के ॲप में नहीं है. रोज की हाजिरी है, बस उसी दिन की नहीं.” ॲप नसतं तर निदान त्याच्या शब्दासमोर ताईंचा शब्द राहिला असता. माझ्या ॲपने तोही काढून घेतला. आणि ताई उभ्या राहिल्या, सगळ्यांसमोर म्हणाल्या, “दाबायचं राह्यलं असंल साहेब, पन मी व्हते कामावर.” अधिकाऱ्याने मान हलवली, जशी खोटं बोलणाऱ्या म्हातारीसमोर हलवतात तशी. मी मागच्या बाकावर होते. मी, जी कुणालाही तोंडावर बोलते. पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत बसले होते.

भरपाईचा दावा गेला.

एवढ्यावर संपलं असं वाटलं ना तुम्हाला? पुढच्या महिन्यात समितीने सांगितलं, ॲप नीट वापरण्याबद्दल पत्रक काढा. मी लिहिलं. चांगलं लिहिलं, मला लिहिता येतं. ‘आपल्या एका ताईने एक दिवस बटण दाबलं नाही, आणि तिचा न्याय गेला. बहिणींनो, ही चूक तुम्ही करू नका.’ हजार प्रती. त्याच आठवड्यात ॲपमधली खोड मी गुपचूप काढली; नोंद आधी, ठिकाण मागाहून, हिरवी खूण सगळ्यांत शेवटी. एका दुपारचं काम होतं. नव्या आवृत्तीच्या माहितीत लिहिलं — किरकोळ सुधारणा.

सुलोचनाताई अजून बैठकांना येतात. नव्या बायका आल्या की त्यांना पुढे बोलावलं जातं आणि त्या हात वर करतात, ती दोन ताठ बोटं दाखवतात. “बघा बाय, मी येडी. बटन दाबलं न्हाय. माझ्यावानी करू नका.” बायका हसतात, ताईही हसतात. मी बाजूच्या खुर्चीवर असते. आणि दर वेळी मी टाळ्या वाजवते. मागच्या बैठकीत त्यांची नात आली होती, तिनेच त्यांना ॲप शिकवलं होतं. ती हसली नाही. आजीला म्हणाली, “आजे, तू दाबलं व्हतंस. तू मना संध्याकालीच सांगितलेलं.” ताईंनी तिला गप्प केलं. “गप गो. मॅडमनी तपासलंय.”

पत्रकवाली म्हणायच्या मला. मॅडम कधी झाले, ते कळलं नाही.

मी घाबरले होते, हे खरं आहे. पण घाबरलेल्या त्या बायकांना मी काय काय बोलले होते, तेही खरं आहे. त्यांना नोकरीची भीती होती. मला कसली होती? इमरान बरोबर ठरेल याची.

या लिखाणाची समितीला द्यायची प्रत वेगळी केली आहे, इमरानची वेगळी. वकीलबाईंची वेगळी. पण पहिली दिघाशीला, ताईंकडे. उद्या सकाळी जाणार आहे. ताई बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत वाचतात; एवढं वाचायला त्यांना बराच वेळ लागेल. मी वाचून दाखवणार नाही, मधे बोलणार नाही. आणि त्या शेवटच्या ओळीपर्यंत येईतोवर उठून जाणार नाही.